कादंबरीतली माणसं आणि त्यांची घरं कशी वाचावीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनगटात आणि साहित्याच्या वर्गात कादंबरीवर बोलायची वेळ आली, की काही प्रश्न हमखास निघतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये काही गाजलेल्या कादंबऱ्यांचे शेवट उघड होतात, तेवढी तयारी ठेवून वाचा.

कथानक नीट सांगितलं की विश्लेषण झालं, असं म्हणता येईल का?

नाही. काय घडलं हे कथानक सांगतं. ते असंच का घडवलं, या जागी का घडवलं आणि कोणाच्या तोंडून सांगितलं, हे विश्लेषणात यायला हवं. एक साधी कसोटी आहे. तुमचं वाक्य ऐकून कादंबरी वाचलेला माणूस "हो, बरोबर" एवढंच म्हणाला, तर तो सारांश झाला. "असं कसं म्हणता, दाखवा बरं कुठे आहे ते" असं म्हणाला, तर विश्लेषणाला सुरुवात झाली.

सुरुवात कुठून करावी? पात्रांपासून, आशयापासून की काळापासून?

माझं मत विचाराल तर घरापासून. निदान ज्या कादंबऱ्यांच्या मध्यभागी कुटुंब आहे त्यांच्यापुरतं तरी हे खात्रीने सांगतो, आणि अशाच कादंबऱ्या जास्त आहेत. वही उघडा आणि चार गोष्टी लिहा: घरात पैसा कुठून येतो, निर्णय कोण घेतं, कोणाचं कोणावाचून अडतं, आणि कोण निघून जाऊ शकतं. चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण ज्याला घर सोडता येतं त्याच्या बोलण्याचा सूर आणि ज्याला सोडता येत नाही त्याचा सूर कधीच सारखा नसतो. ही उत्तरं सापडली की पात्रांचे स्वभाव निम्मे उलगडतात. आशयही बहुतेक वेळा याच व्यवहारात दडलेला असतो.

पैसा इतका महत्त्वाचा? प्रेमकथेतसुद्धा?

प्रेमकथेत तर जास्तच. जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (1813) घ्या. मिसेस बेनेट ही हास्यास्पद बाई आहे, असं जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. बडबडी, उतावळी, चारचौघांत मुलींना मान खाली घालायला लावणारी. हे सगळं खरं आहे. पण घराचे कागद पाहा. बेनेट कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 2000 पौंड. इस्टेट फक्त पुरुष वारसाकडे जाणार अशी कायदेशीर तजवीज झालेली. मुली पाच, मुलगा नाही. म्हणजे नवऱ्याने डोळे मिटले की राहतं घर दूरच्या नात्यातल्या मिस्टर कॉलिन्सच्या ताब्यात जाणार आणि या सहाजणी थोडक्या व्याजावर दिवस काढणार. मग मुलींची लग्नं हा तिचा एकमेव ध्यास वेडगळ ठरतो का? घरात या धोक्याकडे बघणारी ती एकटीच आहे. तिची पद्धत चुकीची आहे, हिशेब चुकीचा नाही.

आणि ज्यांच्यावर वाचक भाळतो ते मिस्टर बेनेट? शांत, पुस्तकात रमलेले, बायकोची फिरकी घेणारे. मुलगा होईलच असं गृहीत धरून त्यांनी वेळेवर बचत केलेली नाही, हे ऑस्टिन स्पष्ट सांगते. त्यांचा विनोद ही हात झटकण्याची एक सभ्य तऱ्हा आहे. एकदा हे दिसलं की बेनेटांची मुलगी एलिझाबेथ हिची मैत्रीण शार्लट लूकस हिचा निर्णयही वेगळा दिसायला लागतो. एलिझाबेथने नाकारलेल्या कॉलिन्सला सत्तावीस वर्षांची शार्लट होकार देते ती डोळे उघडे ठेवून. एलिझाबेथला ते लाजिरवाणं वाटतं. पण एलिझाबेथचा नकार पुढे तिच्या पथ्यावर पडला, हे लेखिकेने घडवून आणलेलं आहे. त्या दोघींच्या जगात नकार देणाऱ्या किती मुलींना पुढे श्रीमंत डार्सीसारखा नवरा भेटला असता, हा प्रश्न शार्लटमुळेच कादंबरीत जिवंत राहतो.

पैसा घराबाहेरूनही येत असतो. ऑस्टिनच्याच 'मॅन्सफील्ड पार्क'मध्ये (1814) सर टॉमस यांची अँटिग्वा बेटावर मालमत्ता आहे. त्यांच्याकडे वाढलेली भाची फॅनी त्यांना गुलामांच्या व्यापाराबद्दल काही विचारते आणि खोलीत शांतता पसरते, असा उल्लेख पुस्तकात येऊन जातो. समीक्षक एडवर्ड सैद यांनी 'कल्चर अँड इम्पिरिअलिझम'मध्ये (1993) या कादंबरीचं वाचन मांडलं आणि घराची शिस्त नि समुद्रापलीकडचं शोषण एका धाग्यात जोडून दाखवलं. त्यांच्याशी सगळेच सहमत नाहीत. पण त्यानंतर ती कादंबरी निव्वळ घरगुती म्हणून वाचणं अवघड झालं.

पात्राचा स्वभाव कसा मांडावा? "तो रागीट आहे, ती सोशिक आहे" एवढं पुरत नाही का?

विशेषणाने फक्त लेबल लागतं. त्याऐवजी ज्या क्षणी पात्रापुढे दोन वाटा होत्या तो क्षण शोधा. चिनुआ अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट'मधला (1958) ओकॉन्क्वो रागीट आहे हे पहिल्या काही पानांतच कळतं. त्यात विश्लेषण करण्याजोगं काही नाही. पण त्याच्या घरी राहणाऱ्या इकेमेफुना या मुलाला गावाच्या निर्णयानुसार मारायचं ठरतं तेव्हा एक वडीलधारा ओकॉन्क्वोला बजावतो: तो मुलगा तुला बाप म्हणतो, तू यात हात घालू नकोस. ओकॉन्क्वोला घरी थांबता आलं असतं. तो जातो आणि शेवटचा घाव स्वतः घालतो, कारण लोक आपल्याला दुबळा म्हणतील याची त्याला भीती वाटते.

ही भीती कुठली? त्याचा बाप उनोका बासरीत रमणारा, कर्जबाजारी, गावात मान नसलेला. बापाला जे आवडायचं त्या सगळ्याचा ओकॉन्क्वोने द्वेष केला, त्यात मृदूपणाही आला. म्हणजे त्याचा राग हा बापापासून पळण्याचा मार्ग आहे. आणि त्याचा मुलगा न्वोये? तो पुढे मिशनऱ्यांकडे जातो, म्हणजे आपल्या बापापासून पळतो. तीन पिढ्या एका रेषेत ठेवल्या की 'रागीट' हा शब्द किती तोकडा होता ते कळतं.

सपाट आणि गोल पात्रं हा भेद अजून उपयोगी आहे का?

थोडाफार. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 मध्ये तो मांडला: सपाट पात्र एका कल्पनेत मावतं, गोल पात्र पटेल अशा रीतीने चकित करतं. विद्यार्थी मात्र सपाट म्हणजे वाईट लिहिलेलं असं समजतात, आणि फॉर्स्टर यांनी तसं म्हटलेलं नाही. सपाट पात्राचं काम वेगळं असतं. एखादं पात्र सपाट का ठेवलं आणि त्याने कोणाचा फायदा होतो, हे विचारलंत तर हा भेद कामाला येईल.

निवेदकावर किती विश्वास ठेवायचा?

जितका शेजारच्या घरातल्या भांडणाची एकच बाजू ऐकून ठेवाल, तितकाच. समीक्षक वेन बूथ यांनी 1961 मध्ये 'अविश्वसनीय निवेदक' ही संकल्पना रूढ केली. पण अविश्वसनीय म्हणजे खोटारडा, असं धरून चालू नका. सगळ्यात चांगले अविश्वसनीय निवेदक मनापासून खरं बोलत असतात. स्वतःबद्दल काय सांगायला नको ते त्यांना कळलेलं नसतं, इतकंच.

काझुओ इशिगुरो यांच्या 'द रिमेन्स ऑफ द डे'मधला (1989) बटलर स्टीव्हन्स हे त्याचं उत्तम उदाहरण. मोठ्या घरात महत्त्वाची परिषद चालू आहे. वरच्या मजल्यावर त्याचे वडील मरणपंथाला लागले आहेत, तेही बटलरच होते आणि म्हातारपणी याच घरात नोकरीला आलेले. स्टीव्हन्स खाली पाहुण्यांना मद्य देत फिरतो. आपल्याला काय वाटत होतं याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. मग एक जण विचारतो, तू ठीक आहेस ना? त्यानंतर मालक विचारतात, तू रडतोयस की काय? बस्स. निवेदक लपवतो ते इतरांच्या संवादातून गळून बाहेर पडतं. वडिलांचे डोळेही तो स्वतः मिटत नाही, ते घराची व्यवस्था बघणारी मिस केंटन करते. वर, तो दिवस आपल्या व्यावसायिक प्रतिष्ठेचा कळस होता असा त्याचा सूर आहे.

निवेदन प्रथमपुरुषी असेल तर एक सवय लावून घ्या. इतर पात्रं निवेदकाला काय म्हणतात ते वेगळं टिपा आणि तो स्वतःबद्दल जे सांगतो त्याच्याशेजारी ठेवा. दोन्हींमधलं अंतर हाच बहुधा कादंबरीचा गाभा असतो.

एकाहून जास्त निवेदक असतील तर खरं कोणाचं मानायचं?

न्यायाधीश होण्याची घाई करू नका. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'मध्ये (1959) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली कहाणी सांगतात. एकाच राजवाड्यातलं एकच लग्न तीन ठिकाणांहून दिसतं. आता पाहण्याची गोष्ट ही, की ज्याचं तारुण्य बाप मागून घेतो त्या पुरूला निवेदन दिलेलं नाही. तिन्ही प्रौढ आपापली वासना, अपमान आणि समर्पण सविस्तर मांडतात. किंमत मोजणारा मुलगा त्यांच्या बोलण्यातूनच आपल्यापर्यंत पोहोचतो. कोण बोलतं याची यादी केलीत, की कोणाला बोलू दिलेलं नाही याचीही करा.

जे पात्र जवळजवळ बोलतच नाही त्याच्यावर काय लिहिणार?

पुष्कळ. शार्लट ब्राँटेच्या 'जेन आयर'मध्ये (1847) बर्था वरच्या मजल्यावर कोंडलेली आहे. तिचं हसणं ऐकू येतं, तिने लावलेली आग दिसते, पण तिची कहाणी कळते ती तिला कोंडणाऱ्या रॉचेस्टरच्या तोंडून. त्याने जमैकात तिच्याशी लग्न केलं तेव्हा 30,000 पौंड हुंडा ठरला होता, हेही त्याच्याच बोलण्यातून कळतं. आपण फसवले गेलो असं तो म्हणतो. पैसे कोणाकडे राहिले, हे विचारायचं काम वाचकाचं. जीन ऱ्हिस यांनी 1966 मध्ये 'वाइड सरगॅसो सी' लिहून तिला आंत्वानेत हे नाव दिलं आणि बोलण्याची जागाही. एका गप्प पात्रातून पूर्ण दुसरी कादंबरी निघाली.

आशयसूत्र एका शब्दात सांगता येतं का? 'प्रेम', 'एकटेपणा', 'संघर्ष'?

सांगता येतं, पण उपयोग शून्य. 'प्रेम' हा विषय झाला. कादंबरी त्या विषयाबद्दल कोणता वाद घालते ते आशयसूत्र, आणि ते पूर्ण वाक्यात, शक्यतो प्रश्नाच्या रूपात यायला हवं.

ते शोधायची माझी आवडती रीत म्हणजे सारखं वागणारी दोन पात्रं शेजारी ठेवायची आणि त्यांच्या वाट्याला काय आलं ते पाहायचं. टॉलस्टॉय यांची 'ॲना कॅरेनिना' 1875 ते 1877 या काळात मासिकातून क्रमशः आली. तिची सुरुवात ॲनापासून होत नाही. सुरुवातीला दिसतो तिचा भाऊ स्तिवा ओब्लॉन्स्की. त्याचं प्रकरण उघडकीला आलंय, बायको डॉली घर सोडायच्या बेतात आहे, आणि समेट घडवायला ॲनाला बोलावणं गेलंय. ॲना येते, वहिनीची समजूत घालते, भावाचा संसार सावरते. मग स्वतः तेच करते जे भावाने केलं. स्तिवाला याची शिक्षा काय? काहीच नाही. क्लबात जाणं-येणं चालूच, मित्रांत वट तशीच, शेवटी चांगली जागाही पदरात पडते. ॲनाला नाट्यगृहात चारचौघांसमोर अपमान सोसावा लागतो, मुलगा दुरावतो, दारं बंद होत जातात आणि शेवट रेल्वेखाली.

भाऊ-बहीण एकच, कृत्य एकच, निकाल दोन. आता 'प्रेम' म्हणण्याऐवजी विचारा: ज्या अपराधाबद्दल समाज भावाला हसून सोडतो त्याबद्दल बहिणीचा जीव का घेतला जातो? आणि तरी टॉलस्टॉय ॲनाला निर्दोष ठरवत नाहीत, हेही पुराव्यात धरायला लागतं. शिवाय डॉली आहेच. ॲनाला भेटायला जाताना तिला वाटेत ॲनासारखं जगण्याची स्वप्नं पडतात आणि तिथला थाट पाहून मात्र ती आपल्या मुलांकडे परतायला उत्सुक होते. तिच्या परतण्याला तुम्ही शहाणपण म्हणता की हार, यावर तुमचं आशयसूत्र बदलेल. दोन्ही वाचनं टिकतात.

प्रत्येक वस्तू प्रतीक असते का?

नाही, आणि हा आजार वर्गात लवकर पसरतो. पाऊस पडला की दुःख, खिडकी दिसली की स्वातंत्र्य. वस्तू एकाहून जास्त वेळा आली, किंवा पात्रांनी स्वतः तिला महत्त्व दिलं, तरच थांबा. टोमास मान यांच्या 'बुडेनब्रूक्स'मध्ये (1901) घराण्याच्या नोंदींची वही पिढ्यान्‌पिढ्या जपलेली आहे. जन्म, लग्नं, मृत्यू सगळं तिच्यात. शेवटच्या पिढीतला लहानगा हानो आपल्या नावाखाली पट्टीने दुहेरी रेघ मारून ठेवतो. बाप रागावतो तेव्हा तो एवढंच म्हणतो, की मला वाटलं आता पुढे काही येणार नाही. इथे प्रतीक शोधायला जावंच लागत नाही, घरातले लोकच त्या वहीला कुटुंब मानतात.

जुन्या कादंबरीतलं कुटुंब आणि आधुनिक कादंबरीतलं कुटुंब यांत नेमका फरक काय?

एका वाक्यात उत्तर हवं असेल तर ते चुकीचं असेल. तरी एक सर्वसाधारण फरक दिसतो. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक कादंबऱ्यांत कुटुंब हे ठरलेलं ठिकाण असतं. नायिका लग्न करून त्यात प्रवेश करते किंवा बाहेर फेकली जाते, आणि वारसा कोणाकडे जातो यावर गोष्ट संपते. विसाव्या शतकात कुटुंबाबद्दलच शंका सुरू होते.

काफ्काची 'मेटामॉर्फसिस' (1915) इथे फार कामाची आहे. ग्रेगोर झाम्झा एके सकाळी किडा होऊन उठतो, हे सगळ्यांना ठाऊक. पण कादंबरिकेत खरं रूपांतर होतं ते उरलेल्या घराचं. वडिलांचा धंदा बुडाल्यापासून ग्रेगोर फिरता विक्रेता म्हणून राबतोय, घर त्याच्यावर चाललंय. तो निकामी होताच काय कळतं? वडिलांनी थोडी पुंजी बाजूला ठेवलेली होती. म्हातारे थकलेले वडील नोकरी धरतात आणि गणवेशात ताठ उभे राहतात. आई शिवणकाम घेते. बहीण ग्रेटे दुकानात लागते. सगळे काम करू शकत होते! ग्रेगोरचं ओझं वाहणं त्यांना सोयीचं होतं, अपरिहार्य नव्हतं.

त्याला आधी मायेने खाऊ घालणारी ग्रेटेच शेवटी म्हणते, की याच्यापासून सुटका करून घ्यायला हवी. ग्रेगोर मरतो, गोष्ट मात्र थांबत नाही. निवेदन तोवर त्याच्या इतकं जवळ होतं की 'वडील', 'आई' असेच शब्द येत होते. त्याच्या मृत्यूनंतर तीच माणसं 'श्री. झाम्झा' आणि 'श्रीमती झाम्झा' होतात. मग तिघं ट्राममधून बाहेर पडतात, भविष्य बरं दिसतं, आणि आईबापांना जाणवतं की मुलगी वयात आलीय, तिच्यासाठी चांगला नवरा पाहायला हवा. म्हणजे पुढचा कमावता आधार आता तिच्यामार्फत येणार. मला हा शेवट किड्यापेक्षा भयानक वाटतो.

जुन्या कादंबरीला आजचे निकष लावणं अन्याय आहे का?

लावा, पण आधी तिच्या काळाचे लावा. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक'मधून क्रमशः आली आणि 1893 मध्ये ग्रंथरूप झाली. विधवेच्या तोंडून आत्मचरित्र सांगवणारा लेखक पुरुष आहे, म्हणून आज कोणी नाक मुरडेल. त्या आक्षेपावर बोलायलाच हवं. पण रचनेतली धार बघा. नायिका यमूला नवरा समजूतदार मिळतो, तो तिला शिकवतो. मैत्रीण दुर्गीच्या नशिबी बरोबर उलटा नवरा. इथवर वाटतं, सगळं नवऱ्यावर अवलंबून आहे. मग यमूचा नवरा जातो आणि ती थेट सासरच्या सत्तेखाली येते, केशवपनासकट. चांगला नवरा हा नशिबाचा भाग ठरला, हक्काचा नाही. सुधारणेवरची डझनभर व्याख्यानं जे सांगतात ते ही मांडणी दोन मैत्रिणींमधून सांगते.

पिढ्यान्‌पिढ्यांच्या कादंबरीत नावंच लक्षात राहत नाहीत. काय करावं?

वंशावळ काढा, लाज कसली. आणि नावं सारखी असतील तर ती मुद्दाम तशी आहेत, हे लक्षात ठेवा. गार्सिया मार्केझ यांच्या 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'मध्ये (1967) होसे आर्केदिओ आणि ऑरेलिआनो ही नावं परत परत येतात. घरातली वडीलधारी उर्सुला म्हणतेसुद्धा, की ऑरेलिआनो नावाचे एकलकोंडे निघतात आणि होसे आर्केदिओ नावाचे बेधडक. जुळ्यांच्या बाबतीत मात्र हा नियम उलटतो, आणि ते दफनाच्या वेळी एकमेकांच्या खड्ड्यात जातात. तुमचा गोंधळ उडणं लेखकाला हवंच होतं.

पात्र आवडलं नाही तर पुस्तक फसलं का?

नाही. ओकॉन्क्वो किंवा स्टीव्हन्स आवडावेत म्हणून लिहिलेलेच नाहीत.

लेखकाचं चरित्र किती आणावं?

मिठाइतकं. काफ्काने 1919 मध्ये वडिलांना उद्देशून लांबलचक पत्र लिहिलं आणि ते त्यांच्यापर्यंत पोहोचलंच नाही, हे खरं आहे. पण म्हणून झाम्झांचं घर म्हणजे काफ्कांचं घर, असं म्हटलं की कादंबरिका वाचायची गरजच उरत नाही. चरित्रातून प्रश्न घ्या, उत्तर संहितेतून काढा. पात्रांना मानसिक आजारांची नावं चिकटवण्यालाही हेच लागू: निदानाने चर्चा संपते, आणि पात्राला तपासायला खोलीत बोलावता येत नाही.

लेखात उतारे किती द्यावेत?

थोडे आणि लहान. उतारा दिला की त्यातल्या एखाद्या शब्दावर, वाक्याच्या लांबीवर किंवा गाळलेल्या गोष्टीवर दोन ओळी तरी लिहा. तसं लिहिण्याजोगं काही सापडत नसेल तर उतारा काढून टाका, लेखाचं काही बिघडत नाही.